दगडफूल : एक नाव आणि एक कुल

भंडारा जिल्ह्यात काळ्या मसाल्यासाठी खोबरे, धणे, लवंग यांच्याबरोबर जे करडे, कागदासारखे चुरचुरीत द्रव्य भाजले जाते, त्यास दगडफूल म्हणतात. वस्तुतः ते फूल नव्हे, शैवाक होय; आणि बाजारातील पुष्कळसे दगडफूल हिमालयातील व दक्षिणेकडील डोंगरांतील झाडांच्या सालींवरून काढलेले असते, तेव्हा दगडाशीही त्याचा संबंध बेताचाच. नाव मात्र जुने आहे. अमरकोशात शैलेयाचा पर्याय म्हणून 'अश्मपुष्प' येतो. दगडफूल हे त्याचेच देशी रूप दिसते.

शास्त्रीय नावाला अशी स्थिरता लाभली नाही. लिनीअसने १७५३ मध्ये यच्चयावत् शैवाक 'लायकेन' या एकाच वंशात घातले. दगडफूल म्हणून आज बहुधा जी जाती सांगितली जाते, तिला हडसनने १७६२ मध्ये 'लायकेन पर्लेटस' म्हटले; १८०३ मध्ये आकारियसने ती आपल्या 'पार्मेलिया' वंशात नेली. पुढे १८६०-७० च्या दशकात श्वेंडेनरने शैवाक म्हणजे कवक व शैवल यांचे सहजीवन असल्याचे प्रतिपादिले आणि वर्गीकरणाचा पायाच हलला. आज शैवाकाचे नाव हे त्यातील कवकाचेच नाव मानतात. (मराठी संज्ञेत दोहोंचेही ध्वनी ऐकू येतात, हा सुयोग.)

दरम्यान पार्मेलिया शेकडो जातींनी फुगला होता. मासालोंगोने १८६० मध्येच 'पार्मोट्रेमा' निराळा काढला होता, पण त्याची दखल फारशी घेतली गेली नाही. श्वाझीने १९५२ मध्ये पर्लेटस त्यात ठेवली. रुंद पाळ्या, कडांवरील रोम, खालच्या बाजूची मुळकेविरहित किनार ही लक्षणे धरून हेलने १९७४ मध्ये तो वंश खऱ्या अर्थाने रूढ केला. नंतर जनुकीय पुराव्याने हीही मांडणी तपासली गेली. दगडफुलातच मिसळून विकला जाणारा 'एव्हर्निॲस्ट्रम' २०१३ मध्ये 'हायपोट्रॅकिना'त विलीन झाला. पार्मेलिएसी कुलात आज सुमारे ८० वंश व २,७०० हून अधिक जाती गणल्या जातात.

पोत्यावर मात्र एकच नाव असते. शैवाक अतिशय मंद वाढतात. त्यामुळे कोणत्या जंगलातून कोणती जाती किती काढली गेली, हा प्रश्न गौण नव्हे. लखनौच्या अवस्थींची १९८८ ची ओळखतालिका हाताशी आहे. परंतु तिच्यासाठी कडा, रोम आणि खालची बाजू शाबूत लागते, आणि भंडाऱ्याच्या दुकानात पोचेपर्यंत त्याचा बराचसा चुरा झालेला असतो.