एका जिल्ह्याचे तीन हप्ते : पीक-अनुदानाच्या अभ्यासाची प्रस्तावना

मन्नाएखेळ्ळी हे कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्याच्या चिटगुप्पा तालुक्यातलं, पुणे–हैदराबाद महामार्गावरचं गाव. इथून पश्चिमेला हुमनाबाद, बसवकल्याण मागे टाकलं की महाराष्ट्रातलं उमरगा येतं; पूर्वेला थोडं गेलं की तेलंगणातलं जहीराबाद. तूर, उडीद, मूग, सोयाबीन ही पिकं तिन्हीकडे ओळखीची. सरकारकडून शेतकऱ्याच्या खात्यात पडणारा पैसा मात्र तीन तऱ्हांचा. या विषयाकडे प्रथमच वळणाऱ्या वाचकाचं स्वागत मला याच रस्त्यावर करावंसं वाटतं.

1 नोव्हेंबर 1956 ला जुन्या हैदराबाद संस्थानातल्या बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात. बीदर, हुमनाबाद, भालकी म्हैसूर राज्याकडे आले. सोयरीक तुटली नाही, दप्तरं तुटली. आज निलंग्याचा शेतकरी सातबारा काढतो, इथला पहाणी, जहीराबादचा पट्टादार पासबुक दाखवतो.

पाच एकरांचा एक मालक डोळ्यांपुढे आणा. पीएम-किसानचे वर्षाला 6000 रुपये त्याला तिन्ही राज्यांत सारखेच. महाराष्ट्रानं 2023 पासून 'नमो शेतकरी'चे आणखी 6000 घातले. कर्नाटकानं 2019 पासून 4000 ची भर घातली होती, ती काही वर्षांनी थांबली. तेलंगणानं 2018 मध्ये 'रयतु बंधू' सुरू केली, तिचा दर पुढे हंगामाला एकरी 5000 झाला. म्हणजे तेव्हा दोन हंगामांत पाच एकरांना 50,000 मिळत. पीएम-किसान आणि 'नमो शेतकरी' कुटुंब मोजतात, तेलंगणाची एकर मोजते. सगळा फरक या मोजमापात आहे, आणि मोठ्या जमीनदाराला कुठली पद्धत सोयीची हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही.

तरीही नुसत्या रकमांची तुलना करून थांबू नये. तेलंगणा 2020 मध्ये प्रधानमंत्री पीक विमा योजनेतून बाहेर पडलं. महाराष्ट्रात 2023 च्या खरिपापासून काही हंगाम विमा एका रुपयात मिळाला. कर्नाटकातल्या शेतकऱ्याला खरिपातल्या अन्नधान्य, कडधान्य आणि तेलबियांसाठी विमारकमेच्या 2 टक्के हप्ता भरावा लागतो. हातात येणारं आणि संकटात मिळणारं, दोन्ही एकाच वहीत मांडल्याशिवाय हिशेब लागत नाही.

विम्याच्या विचाराचं एक मूळ कर्नाटकात आहे, याचा मला विशेष आनंद वाटतो. म्हैसूर संस्थानात जे. एस. चक्रवर्ती यांनी 1920 मध्येच पावसाच्या मापावर आधारलेल्या शेती-विम्याची योजना मांडली. पुढे पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकरांनी 1970 च्या दशकात क्षेत्राच्या सरासरी उत्पादनावर भरपाई देण्याची पद्धत पुढे आणली. एकेका शेताची पाहणी अशक्य, म्हणून सगळ्या परिसराची कापणी-प्रयोगानं सरासरी काढायची. पद्धत व्यवहारी आहे. पण ओढ दिलेल्या पावसात ज्याचं एकट्याचं माळरान करपलं, त्याला गावाची सरासरी पोटाला पुरत नाही.

अनुदानाची सर्वांत मोठी फट मला पहाणीत, म्हणजे जमिनीच्या नोंदीत दिसते. पीएम-किसानसाठी 1 फेब्रुवारी 2019 ही जमीनधारणेची तारीख ठरली. नंतर वारसानं आलेली जमीन चालते, विकत घेतलेली नाही. बटाईनं करणारा तर यादीतच नाही. बियाणं, खत, फवारणी, मजुरी त्याची. हप्ता मालकाचा, तो मालक बेंगळुरूला किंवा पुण्याला राहत असला तरी. नवरा गेल्यावर शेत ओढणारी बाई वारसाची नोंद होईपर्यंत अशीच बाहेर राहते. 'रयतु बंधू'नंही बटाईदाराला धरलं नव्हतं, म्हणजे एकरी उदार असणाऱ्या सरकारचं बोटही नोंदीपाशीच अडलं.

म्हणून अभ्यासाला निघणाऱ्यानं आकडेवारी उघडण्याआधी पेरणीच्या तोंडावर एखाद्या रैत संपर्क केंद्रात जावं. सवलतीच्या बियाण्यासाठी तिथे रांग असते. कन्नड येत नसेल तर मराठीत बोलावं, दख्खनीत बोलावं, कुणीतरी समजून घेईलच. आणि रांगेतल्या माणसाला एवढंच विचारावं : रान कुणाच्या नावावर आहे, पेरतंय कोण, आणि पैसे जमा झाल्याचा मेसेज कुणाच्या मोबाइलवर येतो?