बंधाऱ्याच्या दोन बाजू

फ्रेंच भाषेत 'बराज' म्हणजे बंधारा. आपल्याकडे पाटबंधारे खात्याच्या कागदपत्रांत 'बॅरेज' असा जो शब्द येतो, तो मूळचा हाच. पण मे महिना संपत आला की फ्रान्समधल्या गावोगावी या शब्दाला वेगळाच अर्थ येतो. वरच्या वर्गातला एक फुटबॉल संघ खाली ढकलायचा का आणि खालच्या वर्गातला एक वर घ्यायचा का, याचा निकाल लावणाऱ्या सामन्यांना तिथं 'बराज' म्हणतात.

आपल्याला आयपीएलची सवय आहे. तिथं तळाला राहिलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मांडवात असतो. युरोपातल्या फुटबॉलची रीत निराळी. तिथं शिडी आहे. जो जिंकेल तो वर चढतो, जो हरेल तो खाली उतरतो. फ्रान्समध्ये व्यावसायिक फुटबॉलची स्पर्धा १९३२ साली सुरू झाली, तेव्हा वीस संघ होते. पुढच्याच वर्षी दुसरा वर्ग निघाला आणि शिडी उभी राहिली. पुढं दुसरा वर्ग गटागटांत विभागलेला असे. गटात पहिला येणारा थेट वर जाई, पण त्याच्या मागोमाग आलेल्यांना आधी आपापसांत आणि मग वरच्या वर्गातल्या संघाशी झुंजावं लागे. १९९३ मध्ये ही पद्धत बंद झाली. मग तीन वर, तीन खाली असा सरळ हिशेब बरीच वर्षं चालला.

सरळ हिशेब बिघडतो तो पैशापायी. वरच्या वर्गात दूरचित्रवाणीच्या हक्कांचा पैसा फार, खाली तुलनेनं थोडा. एक पायरी घसरली की खेळाडू विकावे लागतात, नोकरमाणसं कमी करावी लागतात. म्हणून २०१५ मध्ये व्यावसायिक लीगनं ठरवलं, की तीनऐवजी दोनच संघ खाली जावेत. फुटबॉल महासंघानं विरोध केला. भांडण देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयापर्यंत, 'कॉन्से देता'पर्यंत गेलं. शेवटी तडजोड निघाली: दोन संघ थेट खाली, दोन थेट वर आणि तिसऱ्या जागेसाठी बराज. २०१६-१७ च्या मोसमापासून जुना बंधारा असा पुन्हा बांधला गेला.

त्या पहिल्या वर्षीचा दुसऱ्या वर्गाचा शेवटचा दिवस आठवण्यासारखा आहे. वर जाण्याची संधी सहा संघांना होती. रेंसच्या मैदानावर आमियाँच्या एमान्युएल बूर्गोनं जादा वेळेच्या सहाव्या मिनिटाला गोल केला आणि आमियाँ दुसऱ्या क्रमांकावर जाऊन थेट वर चढला. त्या एका गोलानं त्रुआ तिसरा झाला, लाँस चौथा. त्रुआनं मग बराजमध्ये लोरियाँला घरी २-१ हरवलं, परतीचा सामना ०-० राखला आणि तोही वर गेला. लाँस मात्र तिथंच राहिला.

लाँस हे कोळशाच्या खाणींचं गाव. वस्ती तीस हजारांच्या आसपास आणि स्टेडियममध्ये माणसं मावतात त्याहून जास्त! खाणी कधीच बंद पडल्या. गावाचं नाव देशभर घेतलं जातं ते फुटबॉलमुळं. अशा गावाला खालची पायरी म्हणजे नुसता खेळातला पराभव वाटत नाही.

सेंत-एतियेनचंही तेच. कोळसा, शस्त्रं आणि सायकली बनवणारं हे कष्टकऱ्यांचं शहर. तिथला हिरव्या पोशाखाचा संघ दहा वेळा फ्रान्सचा विजेता ठरला, १९७६ मध्ये युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. २०२२ मध्ये हाच संघ बराजमध्ये ओसेरसमोर उभा होता. ओसेर म्हणजे द्राक्षमळ्यांच्या मुलखातलं लहानसं गाव. तिथला क्लब एका पाद्र्यानं काढला आणि गी रू नावाच्या प्रशिक्षकानं साडेतीन दशकांच्या मेहनतीनं १९९६ मध्ये विजेतेपदापर्यंत नेला. दोन्ही सामने १-१ सुटले. पेनल्टींवर ओसेर ५-४ जिंकला आणि दहा वर्षांनी वर आला. सेंत-एतियेनचे प्रेक्षक मैदानात घुसले, पेटत्या नळकांड्या फेकल्या गेल्या, खेळाडूंना बोगद्याकडे पळावं लागलं. शिक्षा म्हणून संघाला पुढचा मोसम उणे तीन गुणांनी सुरू करावा लागला. गावाचा अभिमान एकाच धाग्याला बांधलेला असला, की तो तुटताना असा आवाज होतो. त्या हिंसेचं समर्थन होऊ शकत नाही, पण तिच्यामागचं दुःख खोटं नव्हतं.

२०१८ मध्ये कॉर्सिका बेटावरच्या आजाक्सिओत असंच झालं. ल आव्रविरुद्धच्या सामन्यात इतका गोंधळ झाला, की आजाक्सिओला तुलूझविरुद्धचा आपला 'घरचा' सामना मोंपेलिएत, रिकाम्या स्टेडियममध्ये खेळावा लागला. तुलूझ दोन्ही सामने जिंकला.

हे न्याय्य आहे का, असा प्रश्न फ्रान्समध्ये दर वर्षी निघतो. खालच्या वर्गातल्या चौथ्या-पाचव्या संघांनी आधी एकमेकांशी खेळायचं, जिंकणाऱ्यानं तिसऱ्याच्या घरी जायचं आणि त्यातून उरेल त्यानं वरच्याशी दोन सामने खेळायचे. तेही परतीचा सामना वरच्याच्याच मैदानावर! वरच्याला फक्त दोनच सामने. पाटावर बसलेल्याला उठवणं सोपं नसावं, अशीच ही मांडणी. तरी २०१७ ते २०२५ या काळात झालेल्या सात लढतींपैकी चार खालच्यांनी जिंकल्या: त्रुआ, ओसेर, २०२४ मध्ये सेंत-एतियेन आणि २०२५ मध्ये मेत्झ. तुलूझ, दिजों आणि नाँत हे तिघं वर टिकले. नाँतची २०२१ मधली सुटका तर फक्त परक्या मैदानावरच्या गोलांच्या नियमामुळं झाली.

२०२० मध्ये महासाथीमुळं मोसम अर्धवट थांबला, बराज झालीच नाही. खाली ढकलल्या गेलेल्या आमियाँनं न्यायालयाचं दार ठोठावलं. न्यायालयानं लीगला फेरविचार करायला लावला, पण अखेर घसरण टळली नाही. कागदावरची घसरण मैदानावरच्या घसरणीपेक्षा जास्त बोचते, हे तेव्हा दिसलं. हरलेल्याला निदान 'आम्ही खेळलो' असं म्हणता येतं.

मला या व्यवस्थेत मोल वाटतं ते एवढ्याचसाठी. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या बारा श्रीमंत क्लबांनी 'सुपर लीग' जाहीर केली. तिच्यात या संस्थापकांना घसरणीचं भय राहणार नव्हतं. चाहत्यांच्या संतापापुढं ती काही दिवसांत कोसळली. शिडी काढून घेतली की वरच्यांना सुरक्षित वाटतं, पण खालच्यांकडं मग बघायलाही काही उरत नाही. बंधारा पाणी अडवतो हे खरं. पण त्याला दारंही असतात आणि ती वेळेवर उघडणं हेच त्याचं काम. मेत्झचा संघ २०२४ मध्ये याच दारातून खाली गेला आणि वर्षभरात रेंसला हरवून याच दारातून वर आला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)