खानदेशातील जवस आणि रजोनिवृत्तीवरील वनस्पतिजन्य पूरके : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

खानदेशच्या आर्थिक इतिहासात कापूस व केळी यांच्या मानाने जवस, म्हणजेच अळशी, हे पीक उपेक्षित राहिले आहे. क्रिमियन युद्धात (१८५३-५६) रशियाचा माल अडला आणि युरोपातील रंग-वार्निश उद्योगाची दृष्टी हिंदुस्थानी जवसाकडे वळली. पुढे रेल्वे आल्यावर जळगाव ही कापसाबरोबर जवस व तिळाचीही पेठ झाली. निर्यातीच्या हिशेबात जवस हे औद्योगिक तेलबी होते; घरात मात्र त्याची चटणी होई. आज तेच बी भुकटी वा कॅप्सूलच्या रूपात, रजोनिवृत्तीच्या काळात अंगातून उठणाऱ्या उष्णतेच्या झोतांवर उपाय म्हणून विकले जाते.

हा उपयोग परंपरेने सिद्ध आहे, हे विधान तपासून पाहणे आवश्यक वाटते. सुश्रुतसंहितेत रजःप्रवृत्तीचा काळ बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत सांगितला आहे; परंतु रजोनिवृत्ती तेथे वार्धक्याचा स्वाभाविक क्रम म्हणून येते, रोग म्हणून नव्हे. सातपुड्यात आढळणारी शतावरी प्रामुख्याने स्तन्यवर्धक व रसायन, तर अशोक रक्तप्रदरावरील औषध. म्हणजे वनस्पती जुन्या, पण त्यांच्या वेष्टनावरील प्रयोजन बरेचसे नवे. जाहिरातदार हा भेद सोयीस्करपणे विसरतात.

पाश्चात्त्य जगातही क्रम फारसा निराळा नाही. लिडिया पिंकहॅम यांचे ब्लॅक कोहोशयुक्त वनस्पती-मिश्रण अमेरिकेत १८७५ पासून बाजारात होते. १९४२ मध्ये प्रीमारिन हे संप्रेरक-औषध आले. जुलै २००२ मध्ये 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'च्या चाचणीतील इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन विभाग स्तनकर्करोगाचा वाढीव धोका दिसल्याने मुदतीपूर्वी थांबविण्यात आला. त्यानंतर अनेक स्त्रियांनी संप्रेरके सोडली आणि वनस्पतिजन्य पूरकांकडे लक्ष वेधले गेले.

जवसातील लिग्नान हे इस्ट्रोजेनसदृश द्रव्य असल्याने अपेक्षा वाढली होती. २००७ मध्ये मेयो क्लिनिकच्या छोट्या प्राथमिक अभ्यासाने ती बळावली. पण त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. पुढे १८८ स्त्रियांवरील तुलनात्मक चाचणीत जवसाची वडी व निष्क्रिय वडी यांच्या परिणामात लक्षणीय फरक आढळला नाही. दोन्ही गटांतील अनेकींचे झोत मात्र कमी झाले. कॅप्सूल घेऊन "बरे वाटले" असे सांगणाऱ्या स्त्रीचा अनुभव म्हणूनच खोटा ठरत नाही; तो जवसाच्या खात्यावर मांडता येत नाही, इतकेच. ब्लॅक कोहोशही २००६ च्या अमेरिकी चाचणीत निष्प्रभ ठरले.

२००२ च्या भीतीचेही पुढे पुनर्मूल्यांकन झाले. साठ वर्षांखालील, अथवा पाळी बंद होऊन दहा वर्षांच्या आत असलेल्या बहुतेक निरोगी स्त्रियांबाबत संप्रेरकोपचाराचे लाभ धोक्यांपेक्षा अधिक मानले जातात. उत्तर अमेरिकेच्या रजोनिवृत्तीविषयक संस्थेने २०२३ मध्ये अशा पूरकांची शिफारस केली नाही. जवसाच्या चटणीचा प्रश्न वेगळा. ती आहार म्हणून उत्तमच आहे.