बोटांचे पैसे

दिवाळीत आमच्या चाळीत फराळाची ताटे या दारातून त्या दारात फिरत. पण शेवटच्या खोलीतले काका कधी कोणाकडे फराळाला बसले, असे मला आठवत नाही. "ताट घरी पाठवा," एवढेच ते म्हणत. आम्हां मुलांना वाटे, माणूस शिष्ट आहे. पुढे कळले की, गिरणीत यंत्राच्या पट्ट्यात सापडून त्यांच्या उजव्या हाताची चार बोटे गेली होती, आणि चारचौघांत डाव्या हाताने घास घेण्याची त्यांना लाज वाटे. गिरणीत त्यांना 'थोट्या' हे नाव पडले होते. मुकादम खात्यातून जाता-येता त्याच नावाने हाक मारी, आणि ती ऐकून बाकीचे हसत.

मी शिक्षक झाल्यावर एकदा ते मला म्हणाले, "मास्तर, बोटांचे पैसे मिळाले. कायद्याने मिळाले, मोजून मिळाले. पण त्या नावाचं काय? त्याला कुठला कायदा?"

त्या वेळी माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढे मी ते शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले की, हे उत्तर सापडायला खुद्द कायद्यालाच शंभराहून अधिक वर्षे लागली. त्या वाटचालीची ही हकीकत आहे.

मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली उभी केली. कोकणातून आणि घाटावरून माणसे आली, गिरण्या वाढल्या, आणि त्यांबरोबर अपघातही वाढले. १८८१ साली हिंदुस्थानात पहिला फॅक्टरी कायदा झाला. धोक्याच्या यंत्राभोवती कठडा असावा, अपघाताची वर्दी द्यावी, असे त्यात होते. परंतु वर्दी दिल्यावर पुढे काय? ज्याचा हात गेला त्याने गावची वाट धरावी, हीच रीत होती.

ही रीत मोडावी असे जाहीरपणे म्हणणारा पुरुष आपल्याच मातीतला होता. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी व 'दीनबंधू' पत्राचे संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणीकामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी १८९० साली मान्य झाली म्हणून आपल्याला ठाऊक आहे. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती: काम करताना इजा झाली तर कामगार बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अपंग झाला तर त्याच्या निर्वाहाची योग्य तजवीज व्हावी. त्याच वर्षीच्या जुलैत जर्मनीत बिस्मार्कने अपघातविम्याचा कायदा करून घेतला होता. म्हणजे जगातल्या एका बलाढ्य मुत्सद्द्याला जे सुचले, तेच त्या वर्षी परळ-भायखळ्याच्या कामगारांनाही सुचले होते. फरक एवढाच की, बिस्मार्कच्या हाती सत्ता होती, आणि आमच्या माणसांच्या हाती सह्यांचा कागद.

रविवार सहा वर्षांत मिळाला. अपघाताच्या भरपाईला एकोणचाळीस वर्षे लागली. १९२३ साली कामगार नुकसानभरपाई कायदा मंजूर झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. त्याची थोरवी मान्य केली पाहिजे. तोवर भरपाई हवी तर मालकाची चूक सिद्ध करावी लागे. 'धोका ठाऊक असून तू कामावर आलास,' किंवा 'चूक तुझ्या सोबत्याची आहे, माझी नव्हे,' असे म्हणून मालक सुटे. या कायद्याने ती पळवाट बुजवली. काम करताना, कामामुळे इजा झाली की भरपाई देणे आले.

पण त्या कायद्याला जोडलेले कोष्टक वाचताना अंगावर काटा येतो. उजवा हात कोपरापासून गेला तर कमाईची शक्ती शेकडा ७० गेली असे धरावे. डावा गेला तर ६०. एक डोळा ३०. अंगठा २५. तर्जनी १०, इतर कोणतेही बोट ५. बाजारात भाव लावावा तसे हे आकडे! कायदा करणारे निर्दय नव्हते. कुठेतरी मोजमाप हवे म्हणून त्यांनी ते केले. परंतु अपंगाकडे पाहण्याची दृष्टी त्या कोष्टकाने ठरवून टाकली. माणूस म्हणजे शंभर आणे कमाई, त्यातून अवयवाचे आणे वजा. पैसे हातावर ठेवले की हिशेब मिटला. त्याला पुन्हा कामावर घ्यायचे की नाही, घेतले तर कसे वागवायचे, याविषयी कोष्टक गप्प.

या कोष्टकाला पहिला मोठा धक्का एका सुताराने दिला. ओरिसात एका चित्रपटगृहाचे नक्षीकाम करताना तो पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालक म्हणाला, कोष्टकाप्रमाणे हे अंशतः अपंगत्व आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये निकाल दिला की, एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा या माणसापुरते हे पूर्ण अपंगत्वच होय. अवयव न मोजता त्या माणसाचे काम काय होते, हे न्यायालयाने पाहिले.

यानंतरचा टप्पा १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याचा. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढू नये, त्याचा हुद्दा उतरवू नये; ते काम जमत नसेल तर त्याच वेतनाच्या दुसऱ्या जागी नेमावे, असे त्याचे ४७ वे कलम सांगत होते. कलम पुस्तकात होते, कचेऱ्यांत नव्हते. एका निमलष्करी दलातल्या शिपायाचा डावा पाय कर्तव्यावरच्या दुखापतीने कापावा लागला, आणि त्याला 'सेवेस अपात्र' म्हणून घरी बसवले. तो झगडत सर्वोच्च न्यायालयात गेला. २००३ साली न्यायालयाने सांगितले की, हे कलम मालकाच्या मर्जीवर नाही, ते बंधनकारक आहे. पेन्शन दिली म्हणून हक्क बुडत नाही.

मधल्या काळात, १९९७ साली, आपल्या मुंबई उच्च न्यायालयात एक निराळाच खटला झाला. एका रोजंदारी कामगाराच्या रक्तात एड्सचे विषाणू आढळले, म्हणून सरकारी महामंडळाने त्याला यादीतून वगळले. काम करण्याची ताकद असेल आणि दुसऱ्याला भरीव धोका नसेल, तर केवळ रोगापायी रोजगार हिरावता येणार नाही, असा निर्णय झाला. मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. त्या माणसाला आपले खरे नाव झाकून दावा लढवू दिला गेला. नुकसान पैशाचे असते तसे अब्रूचेही असते, हे न्यायासनाने ओळखले होते.

भारताने २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या अपंगविषयक करारावर शिक्कामोर्तब केले, आणि त्यातून दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा आला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, यात एकवीस झाले. अपंग कामगाराला काम करता यावे म्हणून वाजवी सोय करून देणे, उदाहरणार्थ बसण्याची जागा किंवा कामाची पद्धत बदलणे, ही आता मेहेरबानी राहिली नाही. ती नाकारणे हाच भेदभाव ठरतो. आणि काकांच्या प्रश्नाचे उत्तर ९२ व्या कलमात आहे. अपंग व्यक्तीला हिणवण्याच्या हेतूने, लोकांच्या देखत, जो जाणूनबुजून अपमान करील किंवा धाक घालील, त्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. 'थोट्या' या हाकेला अखेर कायदा मिळाला!

मात्र कायदा कपाटात ठेवून उपयोग नाही. ज्याच्यावर प्रसंग येईल त्याने काय करावे? प्रथम घडलेले लिहून ठेवावे: तारीख, शब्द, ऐकणारे कोण. मग लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. सरकारी आस्थापनेत त्यासाठी तक्रार निवारण अधिकारी असलाच पाहिजे. तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत त्याने चौकशी करायची असते. खाजगी मालकालाही समान संधीचे धोरण जाहीर करणे बंधनकारक आहे. तिथे दाद न लागली तर दिव्यांग आयुक्त आहेत. महाराष्ट्राचे आयुक्तालय पुण्यास आहे. छळ किंवा मारहाण असेल तर कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे जाता येते, आणि ९२ व्या कलमाखाली पोलिसांत. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अपंग व्यक्तीला, तिचे उत्पन्न न विचारता, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करावा.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. नोकरी टिकवण्याची हमी १९९५ च्या कायद्याप्रमाणे २०१६ च्या कायद्यातही सरकारी आस्थापनांपुरतीच राहिली. खाजगी कारखान्यातला कामगार त्या बाबतीत उघडा आहे. आयुक्तांचा निर्णय हुकूम नसतो, शिफारस असते, जरी तीन महिन्यांत तिच्यावर काय केले ते कळवावे लागते. आणि हिणवण्याचा हेतू सिद्ध करायला साक्षीदार लागतो. मुकादमाविरुद्ध साक्ष कोण देणार? हसणाऱ्यांपैकीच कोणीतरी. कायद्याचे सारे बळ शेवटी त्या एका माणसाच्या तोंड उघडण्यावर येऊन थांबते.

काका २०१६ चा कायदा येण्यापूर्वीच गेले. त्यांचे खरे नाव मला त्यांच्या तेराव्याच्या पत्रावर पहिल्यांदा वाचायला मिळाले. एकाच मजल्यावर मी वीस वर्षे राहिलो होतो, आणि कधी विचारले नव्हते. त्याची बोच आजही आहे. तेव्हापासून वर्गात हजेरी घेताना मी प्रत्येक मुलाचे नाव पुरते उच्चारतो, आणि मागच्या बाकावरून कोणी कोणाला 'लंगड्या' किंवा 'चकण्या' म्हटले, की हजेरी तिथेच थांबवतो.