महाले पर्वतातील पहारा

आफ्रिका खंडाच्या पूर्वार्धात टांगानिका नावाचे एक लांबच लांब आणि अतिशय खोल सरोवर आहे. त्याच्या पूर्व तीरावर, टांझानिया देशाच्या हद्दीत, महाले नावाची पर्वतराजी पाण्यातून वर आल्यासारखी उभी आहे. सरोवराची पातळीच समुद्रसपाटीपासून सुमारे पावणेआठशे मीटर. तेथून चढत चढत न्कुंग्वे हे सर्वोच्च शिखर २४६२ मीटरपर्यंत जाते. पायथ्याशी वेलींनी गच्च झालेले अरण्य, मधल्या उतारांवर विरळ वृक्षांचे रान, आणि माथ्याकडे बांबू व गवताळ माळ. ह्या १६१३ चौरस किलोमीटरच्या मुलखात मोटारीचा रस्ता नाही. किगोमा बंदरातून नावेने यावे आणि पुढे पायी चालावे, हाच तेथला प्रघात आहे.

ह्याच अरण्यात १९६५ सालापासून चिंपांझींची नोंद ठेवण्याचे काम चालले आहे. कोण जन्मले, कोण मेले, कोणाची कोणाशी सलगी, कोणाचे कोणाशी वैर, ह्यांचा हा जमाखर्च साठ वर्षांचा झाला. राजघराण्यांच्या बखरी आपल्यास ठाऊक आहेत. वानरकुळाची इतकी दीर्घ बखर जगात फार थोड्या ठिकाणी लिहिली गेली.

ही बखर लिहिणारी मंडळी जपानच्या क्योतो विद्यापीठाची. दुसरे महायुद्ध संपल्यानंतर लवकरच किंजी इमानिशी आणि त्यांचे शिष्य जुनिचिरो इतानी ह्यांनी आपल्याच देशातील माकडांचा अभ्यास आरंभिला. प्रत्येक प्राण्यास ओळखावयाचे, त्यास नाव द्यावयाचे, आणि वर्षानुवर्षे त्याच्या मागे राहावयाचे, अशी त्यांची रीत होती. त्या काळच्या पाश्चात्त्य पंडितांना ती भाबडी वाटली. प्राण्यास नाव दिले की शास्त्र संपले आणि गोष्ट सुरू झाली, असा त्यांचा आक्षेप. परंतु नाव दिल्यावाचून चरित्र लिहिता येत नाही, ही साधी गोष्ट पुढे सर्वांनाच मान्य करावी लागली.

ह्या पद्धतीचा एक धागा आपल्या अगदी शेजारून गेलेला आहे. १९६१ ते १९६३ ह्या काळात युकिमारु सुगियामा हे ह्याच परंपरेतील संशोधक धारवाडच्या परिसरात काळ्या तोंडाच्या वानरांच्या टोळ्यांमागे हिंडत होते. नवा नर टोळीचा ताबा घेतो तेव्हा आधीच्या नराची पिले मारली जातात, हे त्यांनी तेथे पाहिले आणि १९६५ साली प्रसिद्ध केले. सुगियामा पुढे आफ्रिकेत चिंपांझींकडे वळले. धारवाडची रानवाट आणि टांगानिकाचा किनारा ह्यांत अंतर मोठे असले, तरी वही एकाच वळणाची होती.

महाले येथे आलेले तोशिसादा निशिदा हे त्या वेळी अगदी तरुण विद्यार्थी होते. चिंपांझी माणसाची चाहूल लागताच पसार होत. तेव्हा निशिदांनी कासोगे ह्या ठिकाणी ऊस लावला. उसाच्या फडात शिरणाऱ्या वानरांचा उपद्रव आपल्या शेतकऱ्यांस नवा नाही; येथे मात्र चोर यावेत म्हणूनच पीक उभे केलेले. १९६६ साली एक समूह उसाला भुलला. तो ‘के’ समूह. त्यानंतर दक्षिणेकडचा मोठा ‘एम’ समूहही येऊ लागला. हळूहळू भीती मोडली, आणि काही पावलांवरून चिंपांझींचा संसार पाहता येऊ लागला.

पाहता पाहता पुष्कळ काही उमगले. चिंपांझी वाटेल तसे भटकत नाहीत, त्यांचे निश्चित समूह असतात आणि समूहांच्या सरहद्दी असतात, हे महालेत स्पष्ट झाले. वयात आलेली मादी बहुधा जन्माचा समूह सोडून दुसऱ्या समूहात जाते; नर मात्र जन्मभर आपल्याच मुलखात राहतात. लेक सासरी जाते, असे म्हणण्याचा मोह येथे कोणासही होईल. सरहद्दींवरचा प्रकार मात्र इतका गोड नव्हे. १९७० च्या दशकात ‘के’ समूहातील प्रौढ नर एकामागून एक नाहीसे होत गेले, माद्या ‘एम’ समूहात सामील झाल्या, आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी तो समूह समूह म्हणून उरला नाही. शेजाऱ्यांनीच नरांना ठार केले असावे, असा संशय दाट आहे. ‘एम’ समूहाचा न्तोलोगी हा नर बरीच वर्षे म्होरक्या होता. पदच्युत होऊन त्याने पद पुन्हा मिळविले, आणि १९९५ साली आपल्याच समूहाच्या हल्ल्यात त्याचा अंत झाला. ह्या हकीकती वाचताना शनिवारवाड्याची आठवण झाली, तर तो दोष वाचणाऱ्याचा नव्हे.

हा डोंगर पूर्वी निर्मनुष्य नव्हता. तोंग्वे नावाचे लोक तेथे फिरती शेती, मासेमारी आणि शिकार करून राहत. चिंपांझीचे मांस खाण्याची रीत त्यांच्यात नव्हती, आणि चिंपांझी तेथे टिकून राहिले ह्याचे श्रेय ह्या रीतीसही दिले पाहिजे. १९७० च्या दशकात सरकारच्या ग्रामीकरणाच्या धोरणानुसार ह्या वस्त्या उठविण्यात आल्या. निशिदा आणि त्यांचे सहकारी ह्यांनी आग्रह धरला, जपानी तज्ज्ञांचे साहाय्य मिळाले, आणि १९८५ साली महाले राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. उद्यानाच्या गौरवात उठविलेल्या गावांचा उल्लेख सहसा होत नाही. तोंग्वे मात्र पूर्णपणे दूर गेले नाहीत. जंगलातील वाटाडे आणि मागकाढे त्यांच्यातूनच आले, आणि त्यांच्या ज्ञानावाचून जपानी वह्या कोऱ्याच राहिल्या असत्या. १९८७ साली चाउसिकु नावाची आजारी मादी एका कडू झुडपाचा गाभा चावून रस गिळताना दिसली, तेव्हा हे झाड आपल्याकडे पोटाच्या दुखण्यावर देतात असे सांगणारे मोहमदी सैफू कालुंडे हे तोंग्वे वैद्यच होते. दुसऱ्या दिवशी तिला उतार पडलेला दिसला. मायकेल हफमन आणि कालुंडे ह्या दोघांच्या नावे ती नोंद १९८९ साली प्रसिद्ध झाली.

सर्वच चिंपांझी असे ओळखीचे होत नाहीत. जेथे ते माणसाला बुजतात, तेथे त्यांची गणती घरट्यांवरून करतात. चिंपांझी रोज संध्याकाळी फांद्या वाकवून झाडावर नवे अंथरूण करतो आणि सकाळी ते सोडून जातो. ठरावीक रेषेने चालत ही घरटी मोजावयाची, घरटे किती दिवसांत कुजते ते आधी पाहून ठेवावयाचे, आणि त्यावरून संख्या काढावयाची. झाडांस बांधलेले, हालचाल होताच आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरेही आता ह्या कामी येतात.

धोक्यांची यादी करू लागल्यास बिबट्या आलाच. १९८९ च्या सुमारास सिंहांनी चिंपांझी खाल्ल्याचा पुरावा सिंहांच्या विष्ठेत सापडला होता. दुसऱ्या जनावरांसाठी लावलेले फास चिंपांझींच्या हातापायांत अडकतात. ह्या सर्वांहून गंभीर धोका मात्र त्या वहीनेच उघड केला, आणि तो वही लिहिणाऱ्यांस सुखाचा नव्हता. माणसाच्या श्वासावाटे येणारे रोग, हा तो धोका.

त्याची सूचना आधीच मिळालेली होती. महालेच्या उत्तरेस, ह्याच सरोवराच्या काठी, गोम्बे येथे जेन गुडॉल ह्यांनी १९६० साली काम सुरू केले होते. १९६६ साली तेथील चिंपांझींत बालपक्षाघाताची साथ शिरली. काही मेले, काही कायमचे पांगळे झाले. केळ्यांत घालून लस देण्याची धडपड तेव्हा करावी लागली. १९८७ साली तेथेच श्वसनरोगाने नऊ बळी घेतले. महालेत ऊस आणि केळी घालणे १९८७ सालीच बंद झाले. आयत्या अन्नाने वागणूक बिघडते आणि एकाच जागी गर्दी होऊन रोग पसरतो, हे तोवर कळून चुकले होते.

अन्न थांबले, तरी ओळख थांबली नाही. माणसाला न भिणारे चिंपांझी पाहण्यास प्रवासी येऊ लागले. २००६ च्या जून-जुलै महिन्यांत ‘एम’ समूहात खोकला पसरला. समूहात त्या वेळी ६५ च्या आसपास प्राणी होते. साथ ओसरली तेव्हा मेलेले आणि पुन्हा न दिसलेले मिळून १२ भरले. आजारी प्राण्यांच्या विष्ठेत जो विषाणू सापडला, तो माणसाला सर्दी-खोकला आणणाऱ्या विषाणूच्या नात्यातला होता. माणूस ज्या दुखण्यावर आल्याचा काढा घेऊन कामावर जातो, त्यानेच चिंपांझीच्या फुप्फुसांत पाणी होते. बारा ही संख्या लहान वाटेल. परंतु चिंपांझीच्या मादीला पहिले पिलू बारा-चौदा वर्षांच्या वयानंतर होते आणि दोन पिलांत पाच-सहा वर्षांचे अंतर असते. एका पावसाळ्याआधी गेलेले भरून येण्यास दशक पुरत नाही.

मग पाहणाऱ्यांनी निघून जावे काय? ह्या प्रश्नास २००८ साली पश्चिम आफ्रिकेतील ताई अरण्यातून एक विलक्षण उत्तर आले. तेथील मृत चिंपांझींत मानवी विषाणू निःसंशय आढळले. आणि त्याच संशोधनात असेही दिसले, की अभ्यासकांच्या तळाभोवती चोरटी शिकार कमी आणि चिंपांझी अधिक आहेत. बंदुकीपासून जो वाचवितो, तोच खोकला घेऊन येतो. येथे एकच बाजू घेणारे पुष्कळ भेटतात. दोन्ही गोष्टी एकाच अहवालात छापण्यास जे धैर्य लागले, ते अधिक मोलाचे म्हणावे लागेल.

महालेत मधला मार्ग काढण्यात आला. चिंपांझींपासून दहा मीटर दूर राहावयाचे, तासाभराहून अधिक थांबावयाचे नाही, सर्दी असलेल्याने जंगलात जावयाचे नाही, आणि तोंडास मुखपट्टी बांधावयाची. २०२० साली साऱ्या जगाने जी मुखपट्टी चढविली, ती ह्या डोंगरात कित्येक वर्षे आधीच रुळलेली होती. नियम पाळणे सोपे नव्हे. अरुंद पायवाटेवर समोरून चिंपांझीच चालत आला, तर दहा मीटर मागे सरकण्यास जागा नसते. आणि पैसे मोजून दुरून आलेल्या पाहुण्यास मागे व्हा म्हणणे वाटाड्याच्या जिवावर येते.

निशिदा २०११ साली वारले. त्यापूर्वी २००८ साली गुडॉल ह्यांच्यासह त्यांना लीकी पारितोषिक मिळाले होते. गुडॉल ह्यांचेही २०२५ च्या ऑक्टोबरात निधन झाले. आरंभ करणारी ती पिढी आता गेली. नोंद चालू आहे.

परंतु टांझानियातील दोन-अडीच हजार चिंपांझींपैकी बहुसंख्य ह्या दोन्ही उद्यानांच्या बाहेर, गावांच्या आणि सरकारी जंगलांच्या जमिनींवर राहतात. महालेच्या पूर्वेस आणि उत्तरेस पसरलेल्या त्या रानात शेती, गुरेचराई आणि लाकूडतोड वाढत चालली आहे. समूह सोडणाऱ्या मादीस दुसऱ्या समूहाकडे जाण्याची वाट त्याच रानातून आहे. ती तुटली तर उद्यान एक बेट होऊन राहील. तेथे कोणत्याही चिंपांझीस नाव नाही. गावोगावचे वनराखे फिरून ताजी घरटी, नवे फास आणि तुटलेली झाडे टिपून घेतात, आणि बहुतेक दिवशी त्यांना स्वतः चिंपांझी मुळीच दिसत नाही.