शत्रूच्या पिछाडीवरून सुटका : सन १९४४ चें एक प्रकरण

मोहिमेचा इतिहास लिहितांना आपण तारखा, सैन्यसंख्या व जयापजय यांची बारकाईनें चौकशी करतों; परंतु जखमी शिपायाचें पुढें काय झालें, हा प्रश्न बहुधा मागेंच राहतो. ब्रह्मदेशांतील गुप्त मोहिमांत याच प्रश्नानें युद्धसाधनांत पालट घडविला, म्हणून त्याचा येथें विचार करावयाचा आहे.

सन १९४३ च्या फेब्रुवारींत विंगेट याच्या हाताखालीं सुमारें ३००० लोक चिंदविन नदी उतरून जपान्यांच्या पिछाडीस शिरले. त्यांपैकीं सुमारें २२०० परतले. ज्यांना चालवेना, त्यांस वाटेंतच सोडावें लागलें. या अनुभवामुळें दुसऱ्या मोहिमेस कर्नल कॉक्रन याचें अमेरिकन विमानदळ जोडून देण्यांत आलें, आणि जखमी परत आणण्याचें काम लहान विमानांकडे आलें.

हा रणप्रदेश मराठी वाचकास परका नाहीं. मार्च १९४४ मध्यें मणिपुरांतील सांगशाक येथें ५० व्या छत्रीधारी ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण लढली. २६ मार्चच्या रात्रीं ठाणें सोडतांना तेथेंही अत्यवस्थ जखमींस मागें ठेवूनच निघावें लागलें. त्याच्या दोनच दिवस आधीं खुद्द विंगेट मणिपुरांत विमान कोसळून मरण पावला होता. त्या विमानांतील कोणीही वांचलें नाहीं.

२१ एप्रिल रोजीं सार्जंट ह्लाडोवचाक हा तीन जखमी ब्रिटिश शिपायांस नेत असतां त्याचें लहान विमान शत्रूच्या मुलखांत पडलें. जवळपास दुसरें विमान उतरण्याजोगी जागा नव्हती. तेव्हां आसामांतील लालाघाट येथून लेफ्टनंट कार्टर हार्मन याचें सिकोर्स्की हेलिकॉप्टर मागविण्यांत आलें. तें मजल दरमजल करीत ब्रह्मदेशांतील तळावर पोहोंचलें. वैमानिकाशिवाय त्यांत एकच माणूस बसूं शके, आणि उष्ण हवेंत तेवढें ओझेंही इंजिनास जड जाई. २५ एप्रिल रोजीं हार्मननें दोघांस एकेक करून नदीकांठच्या वाळवंटावर पोहोंचविलें. तेथून लहान विमानानें त्यांस पुढें नेलें. इंजिन तापल्यामुळें काम तेथेंच थांबलें. दुसऱ्या दिवशीं तिसरा शिपाई व अखेरीस ह्लाडोवचाक असे दोघे बाहेर पडले. विमान गेलें, पण चारही माणसें वांचलीं.

या प्रकरणास सरसकट ‘हेलिकॉप्टरचें पहिलें साहाय्य’ म्हणणें बरोबर नाहीं. ३ जानेवारी १९४४ रोजींच न्यूयॉर्कजवळ ‘टर्नर’ या युद्धनौकेवरील स्फोटांत सांपडलेल्यांसाठीं रक्तद्रव हेलिकॉप्टरनें पोहोंचविण्यांत आलें होतें. शत्रूच्या मुलखांतून माणसें सोडविण्याचा पहिला प्रसंग मात्र हाच मानला जातो. दोहोंतील भेद लक्षांत ठेवावा. पहिला प्रसंग यंत्राची उपयुक्तता दाखवितो. दुसरा, मागें राहिलेल्यास परत आणणें हें सेनेनें आपलें कर्तव्य मानलें, याची साक्ष देतो.