खंडव्याची पोटनिवडणूक आणि आमची ओसरी

१९७९ साली खंडवा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक लागली, तेव्हा मी बहादरपुरात शाळेत होतो. आमचे बऱ्हाणपूरचे खासदार परमानंद गोविंदजीवाला निवर्तले होते. त्यांच्या जागी जनता पक्षाने कुशाभाऊ ठाकरे यांना उभे केले.

"आपला माणूस!" नाव ऐकताच आजोबा म्हणाले.

कुशाभाऊ तसे धारचे, १९२२ साली मराठी घरात जन्मलेले. तापीकाठचे नव्हेत. पण आजोबांचा आनंद कळायचा तर १९५६ पर्यंत मागे जावे लागते. तोवर आमची राजधानी नागपूर होती. त्या जुन्या मध्य प्रदेशात हिंदीच्या जोडीने मराठीही राजभाषा होती. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, आम्ही निमाडकर भोपाळच्या पदरी पडलो. घरात मराठी, कचेरीत हिंदी, असा संसार सुरू झाला. आजोबा अर्ज लिहायला दुसऱ्याकडे जाऊ लागले. ते त्यांना फार लागले असावे.

प्रचार सगळा हिंदीत. भिंतीवर चक्रातला नांगरधारी शेतकरी. आजीला अक्षरओळख नव्हती, पण ते चित्र तिला पुरले.

कुशाभाऊ निवडून आले. मात्र २२ ऑगस्ट १९७९ ला लोकसभाच बरखास्त झाली आणि जानेवारी १९८० मध्ये जागा काँग्रेसच्या शिवकुमारसिंहांकडे गेली. तेवढ्या दिवसांत मराठीसाठी काय झाले, हा प्रश्न कुशाभाऊंना विचारण्यात अर्थ नाही. आमच्या ओसरीवरून कोणी काही मागितलेच नव्हते. आडनावातच आमचे पोट भरले.

पुढे २०२१ मध्ये नंदकुमारसिंह चौहान कोरोनाने गेले आणि पुन्हा पोटनिवडणूक आली. ३० ऑक्टोबरला मतदान, २ नोव्हेंबरला मोजणी, नेमकी धनत्रयोदशी. भाजपचे ज्ञानेश्वर पाटील सुमारे ८२ हजारांनी जिंकले. संध्याकाळी रावेरहून भाच्याचा फोन आला.

"मामा, पाटील म्हणजे आपलेच ना?"

मी त्याला सुनावले. चार जिल्हे, आठ विधानसभा, त्यात आपली मराठी चिमूटभर. नुसत्या आडनावाने काय होते? मराठी शाळेबद्दल कोणी बोलले का?

"मग तुम्ही विचारलंत का, मामा?"

दिवे लावायची वेळ झाली होती. मी फोन हिच्या हातात दिला.